मी दुरुस्त केलेले एक वाक्य

लातूरला आमच्या घराच्या मागच्या खोलीत गहू-ज्वारीच्या पत्र्याच्या कोठ्यांना लागून एक अरुंद टेबल आहे. त्या टेबलाशी बसून मी बारा-तेरा वर्षे एक ब्लॉग लिहिला. वाचणारे थोडे होते. त्यांतील बहुतेकांना मी कधी पाहिले नाही. लेखनाचे मी चार विभाग केले होते: रोजचे जगणे, ऐकलेले गाणे, पाहिलेला फुटबॉल आणि केलेला प्रवास. हे चार विभाग मिळून आपले आयुष्य पुरते सांगून होते, असा माझा समज होता. आज जे लिहितो आहे, ते त्यांपैकी कशातच बसत नाही.

ब्लॉगवर कोणी प्रतिक्रिया लिहिली की ती आधी माझ्याकडे येई. मी मंजूर केली तरच ती लेखाखाली दिसे. मंजूर करण्यापूर्वी तिच्यात फेरफार करण्याची सोयही मालकाला दिलेली होती. ही सोय बहुधा शिवीगाळ काढून टाकण्यासाठी असावी. मी तिचा उपयोग कशासाठी केला, ते मला सांगायचे आहे.

ज्याच्याविषयी सांगायचे, तो माझा महाविद्यालयातला मित्र. नांदेडच्या वसतिगृहात आम्ही चार वर्षे एका खोलीत राहिलो. तिथे कोणी कोणाला खऱ्या नावाने हाक मारीत नसे. ज्याचे जे गाव, तेच त्याचे नाव. मी चाकूर होतो, तो इस्लापूर. त्याचे गाव किनवटच्या वाटेवर, पैनगंगेच्या बाजूला, विदर्भाला खेटून. त्यामुळे त्याच्या बोलण्याला आमच्या लातूरकडच्या बोलण्याहून वेगळी लय होती. आम्ही ‘करायलोय’ म्हणायचो, तो ‘करून राहिलो’ म्हणायचा. म्हणजे काम चालू आहे, संपलेले नाही. वसतिगृहाचा नळ दिवसातून एकदा अर्धा तास येई. इस्लापूर अंगणातून ओरडायचा, “पानी जाऊन राहिलं रे!” आणि आम्ही सगळे बादल्या घेऊन धावायचो. त्या वाक्याचा अर्थ कोणाला विचारावा लागत नसे.

आम्ही फुटबॉल खेळायचो. मैदान काळ्या मातीचे होते. उन्हाळ्यात त्याला अशा भेगा पडत की चेंडू सरळ येता येता मध्येच दिशा बदलायचा. तो गोलरक्षक होता आणि मी त्याच्या पुढे, डाव्या बगलेला, बचाव करणारा. खेळाडू म्हणून मी सामान्य होतो. चेंडू पायाशी असला की मला चेंडूशिवाय काही दिसत नसे. मागून त्याचा आवाज यायचा, “चाकूर, डाव्या अंगाला! आला बघ!” आणि मी वळायचो. सामना संपल्यावर लोक म्हणत, तुझी नजर चांगली आहे. मी ते ऐकून घेत असे.

गाणेही त्याचेच. नांदेडला त्याच्या मामाचे रेडिओ-टेप दुरुस्तीचे दुकान होते. कॉलेज सुटले की तो तिथे बसून तारांना डाग देण्याचे झाळकाम करायचा आणि गिऱ्हाइकांना कॅसेट भरून द्यायचा. उरलेल्या जागेत माझ्यासाठी काहीतरी भरून आणायचा. एका बाजूला कव्वाली, दुसऱ्या बाजूला कोण्या परदेशी माणसाचे गिटार, मध्येच चार मिनिटे सनई. आवड म्हणून मी पुढे जी मिरवली, ती या अशा कॅसेटींतून तयार झाली. ब्लॉगवरच्या संगीताच्या विभागात मी त्यांतल्या एकेका कॅसेटवर सविस्तर लिहिले. ती कोणी भरून दिली, हे लिहिणे दर वेळी राहून गेले. राहून गेले, असे मी इतकी वर्षे म्हणत आलो.

शिक्षण संपल्यावर तो गावी परतला. रस्त्याला लागून दुकान टाकले. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग मोबाइल दुरुस्ती. मी लातूरला सरकारी कचेरीत लागलो. माझे काम मसुद्यांची भाषा तपासण्याचे होते. खालून आलेल्या टिपणीतले बोलीतले शब्द काढायचे, वाक्ये नीट लावायची, वर पाठवायचे. या कामात माझे नाव झाले. नोकरीच्या सुरुवातीला पुण्याला प्रशिक्षणासाठी गेलो होतो. तिथे एका तासाला मी ‘हो’ऐवजी ‘हाव’ म्हणून उत्तर दिले आणि अख्खा वर्ग हसला. त्यानंतर मी स्वतःची भाषा इतकी घासून काढली की घरी आईला फोन केला तर ती म्हणायची, “कुन्या साहेबाचा फोन हाय म्हनून ठेवनार व्हते बाबा.” ती हे गमतीने म्हणे. मला त्यात बरे वाटायचे.

ब्लॉग सुरू केला तेव्हा पहिली प्रतिक्रिया इस्लापूरचीच आली. पुढे प्रत्येक लेखाला येत राहिली. दुपारी दुकानात गर्दी कमी असली की तो मोबाइलवर वाचायचा आणि जसे बोलायचा, तसे लिहायचा. खाली नाव म्हणून नुसते ‘इस्लापूर’. सुरुवातीची काही वर्षे मी ते सगळे जसेच्या तसे छापले. मग पुण्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांना माझे लेखन आवडू लागले. त्यांनी एकदा मला लिहिले, “आपली शैली नितळ आहे. मात्र खाली एक गृहस्थ कोणत्या भाषेत लिहितात, ते काही उमगले नाही.” पुढे हसरा चेहरा काढला होता. त्यांचा हेतू वाईट नसावा. मला मात्र पुण्याचा तो वर्ग आठवला.

दुसऱ्याच दिवशी इस्लापूरची प्रतिक्रिया आली. वसतिगृहाच्या काळातल्या एका हरलेल्या सामन्यावर मी लिहिले होते. त्याने लिहिले, “लई झ्याक लिवलंस चाकूर. पन हरल्यावर संडासात कडी लावून रडलास, ते काहून न्हाई लिवलं?” मी ते तीनदा वाचले. मग फेरफाराची खिडकी उघडली आणि लिहिले, “फार सुंदर लिहिले आहेस. त्या सामन्याच्या आठवणी ताज्या झाल्या.” खाली त्याचे नाव तसेच ठेवले.

एकदा केल्यावर पुढचे सोपे होते. कॅसेटींवरच्या लेखाखाली त्याने लिहिले, “ती कॅसेट म्या भरून दिल्ती, इसरलास व्हय?” मी छापले, “ही ध्वनिफीत माझ्याही संग्रही होती.” आज हे लिहिताना हात थांबतो. तेव्हा थांबला नाही. त्याच्या भल्यासाठीच हे करतो आहोत, लोक त्याला हसू नयेत, असे मी स्वतःला सांगत होतो.

त्याच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. एका रविवारी त्याचा फोन आला.

“चाकूर, माझ्या नावाखाली ह्यो कोन पंडित बसवलास?”

“अरे, कॉम्प्युटर आपोआप दुरुस्त करतो,” मी म्हणालो.

“असं व्हय? मंग आमच्या ग्रामसेवकाला बी त्यात घाल एकदा. बघू सुधरतो का.” तो मोकळेपणाने हसला. “बायकोला वाचून दावलं. ती म्हनली, एवढं ग्वाड तर तुमी लग्नात बी बोलला न्हाई.”

मीही हसलो. माझी पत्नी शेजारी भाजी निवडत होती. तिने सगळे ऐकले होते. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, “त्यांचं त्यांना बोलू द्या की. तुम्हाला काय त्याचं?”

“लोक वाचतात,” मी म्हणालो.

“त्यांनी लिहिलंय म्हटल्यावर त्यांचंच वाचू द्या,” ती म्हणाली आणि भाजी घेऊन आत गेली.

त्यानंतर एका पावसाळ्यात कचेरीतल्या सहकाऱ्यांबरोबर मी सहस्रकुंडाचा धबधबा पाहायला गेलो. जीप इस्लापुरातूनच गेली. त्याचे दुकान मला दिसले. पाटीवरचे अक्षर त्याचेच होते, ‘र’ला उगाच लांब शेपूट. दार उघडे होते आणि आत कोणीतरी खाली मान घालून बसलेले होते. “जरा थांबू या” एवढेच बोलायचे होते. जीपमध्ये माझे साहेब होते. तो बाहेर धावत येईल, झाळणीने भाजलेल्या बोटांनी माझे खांदे धरील, “आरं चाकूर!” म्हणून ओरडेल आणि मग तेच बोलणे चारचौघांत सुरू होईल, असे माझ्या मनात आले. मी काही बोललो नाही. जीप पुढे गेली.

धबधब्यावर मी दीर्घ लेख लिहिला. कड्यावरून येणाऱ्या पाण्याला मी बऱ्याच उपमा दिल्या होत्या. त्याने लिहिले, “धबधबा पाह्यलास, बरं केलंस. माझं दुकान रस्त्याच्या कडंलाच हाय. जीपीतून दिसलं असंल.” एवढेच. मी छापले, “सहस्रकुंडाचे वर्णन वाचून आनंद झाला. पुढच्या वेळी अवश्य भेटू.”

यानंतर त्याचे फोन बंद झाले. प्रतिक्रिया मात्र येत राहिल्या. त्याला राग आला असता तर त्या आल्या नसत्या, असा सोयीचा अर्थ मी काढला.

आणि मग ते वाक्य आले. जुन्या टेपवर गाणे ऐकताना फीत कशी थरथरते, आवाज कसा मध्येच खोल जातो, असे काहीसे मी लिहिले होते. लेख हळवा होता. त्याखाली त्याने लिहिले:

“तुझं वाचाया बसलो पन डोळे जाऊन राहिले गड्या. काय करावं सांग.”

मी ते नीट वाचले होते, हे मला कबूल केले पाहिजे. घाईत नव्हतो. शनिवारची सकाळ होती, चहाचा कप हाती होता. वाचले आणि वाटले, लेखाने याला गलबलून आले. मनात थोडासा अभिमानही आला. मग नेहमीच्या सवयीने मी ते वाक्य सुधारले:

“तुझे लिखाण वाचता वाचता डोळे भरून आले, मित्रा. आणखी काय सांगावे!”

प्रश्न होता, तिथे मी उद्गार ठेवला. संध्याकाळी पुण्याच्या प्राध्यापकांनी त्याखाली लिहिले, “असा रसिक वाचक मिळायला भाग्य लागते.” मी त्यांचे आभार मानले.

इस्लापूरची प्रतिक्रिया त्यानंतर आली नाही. महिना गेला, दोन गेले. त्याचा धंदा वाढला असेल, मोबाइल बिघडला असेल, असे मी धरून चाललो. खरे तर मला हलके वाटत होते. लेख टाकल्यावर आता काही दुरुस्त करावे लागत नव्हते. मी विश्वचषकावर लिहिले, उदगीरच्या किल्ल्यावर लिहिले, घरातल्या जुन्या पंख्याच्या आवाजावर लिहिले. त्याला एक फोन करावा, हे माझ्या मनात चार-पाचदा आले असेल. प्रत्येक वेळी सहस्रकुंडाचा विषय निघेल, या भीतीने मी तो टाळला.

दीड वर्षाने त्याच्या पत्नीचा फोन आला.

“भाऊजी, मी इस्लापूरची बोलते. ह्यांना नांदेडला डोळ्याच्या दवाखान्यात आनलंय. डॉक्टर काय म्हनून राहिले, ते मला समजंना. तुमाला येता येईल का?”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी निघालो. अहमदपूर, लोहा, नांदेड. हा रस्ता मी शेकडो वेळा केला असेल आणि त्यावर एकदा लेखही लिहिला आहे. त्या दिवशी खिडकीबाहेर काय होते, ते मला आठवत नाही.

दवाखान्याच्या ओसरीत तो बाकावर बसला होता. धुतलेला पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणे लावलेली. त्याचा चेहरा माझ्याच दिशेला होता; पण तो माझ्याकडे पाहत नव्हता, माझ्या खांद्याच्या किंचित पलीकडे पाहत होता. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाला, “कोन, चाकूर? आवाजावरनं वळखलं. अजून बी डावी चप्पल घासत चालतोस लेका. बाटाचा फायदा काहून करून राहिला?”

त्याची पत्नी म्हणाली, “बघा, ह्यांना अजून चेष्टा सुचते.”

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी मला आत बोलावून शांतपणे समजावून सांगितले. काचबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. त्यात आधी कडेची नजर जाते, समोरचे दिसत राहते, म्हणून माणसाला बराच काळ काही कळत नाही. जेव्हा कळते, तेव्हाही दुखत नाही. गेलेली नजर कोणत्याच उपायाने परत येत नाही. उरलेली टिकवण्याचा प्रयत्न करता येतो. “फार उशीर झाला हो,” त्या म्हणाल्या. “वर्ष-दीड वर्षापूर्वी आले असते तर कामापुरती नजर आपण राखू शकलो असतो.”

बाहेर आल्यावर त्याची पत्नी सांगू लागली. आधी हातातून सुटलेले स्क्रू दिसेनासे झाले. बाजूलाच पडलेले असत, हा समोर शोधत राही. मग दाराच्या चौकटीला खांदा लागू लागला. एकदा मोटारसायकल उभ्या बैलगाडीवर गेली. नंबर वाढला असेल म्हणून आठवडी बाजारातून दोन वेळा चष्मा आणला.

हे सगळे ऐकून माझ्या तोंडून जे निघाले, ते मला आजही ऐकू येते. मी जवळजवळ रागावून म्हणालो, “अरे, मग मला का नाही कळवलंस? नांदेडला, लातूरला माझ्या ओळखी आहेत. एक शब्द टाकायचास.”

“लिवलं व्हतं की,” तो म्हणाला.

“काय लिहिलं होतंस?”

“डोळे जाऊन राहिले, काय करावं सांग. असं लिवलं व्हतं तुझ्या लेखाखाली. गाण्याच्या.” तो सहज आवाजात बोलत होता. “फोन करनार व्हतो. पन तू जीपीतून गेलास, त्या दिसापासनं फोन लावाया कसंतरीच वाटायचं. म्हनलं लिवावं. आपलं वाचतो तर खरं. तू म्हनशील त्या डॉक्टरकडं जाऊ, असं ठरवलं व्हतं. जबाब न्हाई आला. म्हनलं, नसंल जमत. मोठा मानूस हाय.”

“लेखाखालचं बारीक अक्षर लागंनासं झालं, तवा तुमचा मेसेज येतो का म्हनून रोज मोबाइल डोळ्याला लावून बघायचे,” त्याची पत्नी म्हणाली. “आज येईल जबाब, उद्या येईल. मी म्हनायचे, चला आपन जाऊ नांदेडला. तर म्हनायचे, चाकूर सांगू दे, त्येला मोठमोठे लोक ठाव हायेत. मंग सोयाबीन आलं, मंग सासूबाई अंथरुनावर पडल्या. असं करत राह्यलं.”

‘तुझी प्रतिक्रिया मला मिळालीच नाही’ हे वाक्य माझ्या मनात तयार होते. व्याकरणशुद्ध, छोटे, कोणी तपासू न शकणारे. आयुष्यभर मी अशीच वाक्ये तयार करीत आलो होतो. ते मी बोललो नाही, यात माझा काही मोठेपणा नाही. तो ज्या तऱ्हेने मान तिरपी करून ऐकत होता, ती पाहून मला ते जमले नाही, इतकेच.

“मी ते वाचलं होतं,” मी म्हणालो. “आणि बदललं.”

“काय बदललं?”

“‘डोळे जाऊन राहिले’च्या जागी ‘डोळे भरून आले’ असं केलं.”

आतून कोणाचातरी नंबर पुकारला गेला. एक म्हातारी उठून आमच्यामधून गेली. मग तो नाकातून हसला.

“म्हंजे मी आंधळा होऊन राहिलो अन तू मला रडवलंस.”

मी त्याच्या शेजारी बाकावर बसलो.

“कॉम्प्युटर न्हवता तर त्यो.”

“नव्हता.”

“मला ठाव व्हतं,” तो म्हणाला. “कॉम्प्युटरला एवढी लाज न्हाई वाटत.”

त्याची पत्नी हसली नाही. ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, “भाऊजी, तुमाला खरंच समजलं न्हाई? तुमी तर आमच्यातलेच ना?”

या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हापासून शोधतो आहे. मी नुसती भाषा सुधारली असती, ‘डोळे जात आहेत’ एवढेच केले असते, तरी अर्थ माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला असता. शाळेतल्या पोराने केली असती, तेवढीही प्रामाणिक दुरुस्ती मी केली नाही. ज्या माणसाने ‘पानी जाऊन राहिलं’ म्हटल्यावर मी चार वर्षे बादली घेऊन धावलो, त्याचेच तसले वाक्य वाचून मी चहाचा घोट घेतला. मला त्याची बोली समजेनाशी झाली होती, असे म्हणणे सोयीचे आहे, पण ते खरे नाही. त्याला माझ्याकडून काही हवे असेल, ही शक्यताच मी मनातून काढून टाकली होती. तो मला दाद देणारा वाचक म्हणून हवा होता. जे आले, त्याला मी दाद म्हणून वाचले.

लातूरला परतल्यावर मी त्याची सगळी मूळ वाक्ये परत लावायला बसलो. तेव्हा कळले की फेरफार केल्यावर मूळ मजकूर कुठेच राहत नाही. वही घेऊन आठवून पाहिले. या लेखात दिली आहेत तीच तेवढी आठवतात, आणि तीही शब्दशः असतील याची खात्री नाही. बाकी कितीतरी वर्षांच्या त्याच्या चेष्टा, टोमणे, चुका काढणे यांच्या जागी आता माझीच वाक्ये त्याच्या नावाने बसलेली आहेत. मी ब्लॉग बंद केला. पत्नी म्हणाली, “बंद करून त्यांना काय मिळणार?” तिचे बरोबर होते. काहीच मिळणार नव्हते.

तपासणी दर दोन महिन्यांनी असे. प्रत्येक वेळी मी लातूरहून जात असे. ते दोघे किनवटकडून येणाऱ्या गाडीने नांदेडला उतरत. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, थेंब चालू झाले. त्यांच्या वेळा मी मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या आणि त्या त्याच्या पत्नीने पाठ केल्या. नजर मोजण्याचे एक यंत्र होते: पांढऱ्या खोलगट भांड्यात तोंड घालून बसायचे, आत कुठे ठिपका चमकला की हातातले बटण दाबायचे. पहिल्यांदा तो बसला तेव्हा बाहेर आम्हाला बटणाचा टकटक आवाज ऐकू येत होता. जन्मभर बटणे दुरुस्त केलेला माणूस. त्याला यंत्राचे कौतुकच वाटले. “आत स्प्रिंग ढिली झाली हाय,” असे त्याने डॉक्टरांना सांगितलेसुद्धा. पुढच्या वेळी टकटक कमी झाली. त्याच्या पुढच्या वेळी मध्ये इतका खंड पडायचा की तो झोपला की काय, असे वाटे.

दुकान त्याने उघडेच ठेवले होते, पण दुरुस्ती बंद झाली. लोक चार्जर, इयरफोन असे काही घेऊन जात. तो हाताने चाचपून काढून देई.

आणखी एक गोष्ट याच काळात झाली. ती नक्की केव्हा सुरू झाली, ते मला सांगता येणार नाही. तो माझ्याशी शुद्ध बोलू लागला. एकदा म्हणाला, “प्रवास ठीक झाला का?” मला वाटले, चेष्टा करतो आहे. मी हसलो, तो हसला नाही. पुढच्या भेटीत ‘तू’ गेला आणि ‘तुम्ही’ आले. ‘चाकूर’ही गेले. वाक्य बोलण्याआधी तो क्षणभर थांबे, शब्द जुळवी आणि मग बोले. बायकोशी, नर्सशी, शेजारच्या पेशंटशी पहिल्यासारखाच बोलायचा, खदखदून हसायचाही. माझ्याकडे वळला की आवाज बदलायचा. मी एकदा न राहवून म्हणालो, “अरे, माझ्याशी असं का बोलतोस?” तो म्हणाला, “सवय करून घेत आहे.” कशाची सवय, ते त्याने सांगितले नाही. त्यात राग असता तर मला बरे वाटले असते.

मी स्वतः त्याच्याशी जुन्या बोलीत बोलून पाहिले. ‘काहून’ म्हणून पाहिले, ‘गड्या’ म्हणून पाहिले. माझ्या तोंडात ते शब्द नाटकातल्यासारखे वाजले. त्याची पत्नी जमिनीकडे पाहू लागली. मी तो प्रयत्न सोडून दिला.

गेल्या महिन्यात शेवटची तपासणी झाली. शेवटची, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. तो यंत्रापुढे बसला. मी आणि त्याची पत्नी बाहेर उभे होतो. आतून एकही आवाज आला नाही. पाच-सात मिनिटांनी डॉक्टरच बाहेर आल्या. “आता या तपासणीसाठी एवढ्या लांबून येण्याची गरज नाही,” त्या म्हणाल्या. “थेंब चालू ठेवा, दुखू नये म्हणून. बाकी...” त्यांनी माझ्याकडे पाहिले, कारण घरच्या माणसांना समजावून सांगणारा मी होतो. मी ते त्याच्या पत्नीला सांगितले. ती “बरं” म्हणाली. तिने पिशवीतला टॉवेल काढला, पुन्हा आत ठेवला.

त्याला वेगळे सांगावे लागले नाही. तो दाराच्या चौकटीवर हात ठेवून बाहेर आला आणि म्हणाला, “झालं ना?”

जिन्यापर्यंत मी त्याच्या उजव्या बाजूने चाललो. हात पुढे केला होता; तो त्याला लागला असावा, कारण त्याने स्वतःचा हात किंचित आखडून घेतला आणि दुसऱ्या बाजूला चाचपून बायकोच्या खांद्यावर ठेवला. मी विचारले, “मी इस्लापूरला येऊ का? महिन्यातून एकदा. नुसता बसायला.”

तो थांबला. शब्द जुळवत होता.

“आपण खूप त्रास घेतला,” तो म्हणाला. “आता त्याची गरज नाही. मी आपला आभारी आहे.”

आणि ते दोघे जिना उतरू लागले. ती प्रत्येक पायरीला सांगत होती, “हां, आता खाली. अजून एक. थांबा, मानूस येऊन राहिला वर.” वर येणाऱ्या माणसाला वाट देण्यासाठी ते भिंतीशी थांबले. तो माणूस माझ्या बाजूने निघून गेला. खालच्या वळणावर इस्लापूर तिला काहीतरी बोलला. ते त्याच्या नेहमीच्या आवाजात होते, झरझर, न थांबता. वरून मला शब्द कळले नाहीत.